वेब जिंकलं ते मोझॅकमुळे की सर्नच्या कागदामुळे?

बिनतारी:
वेबच्या इतिहासाचा विषय निघाला की गाडी थेट मोझॅक ब्राउझरवर येते. चित्रं दिसायला लागली, लोक तुटून पडले, संपलं. मला हे पटत नाही. १९९३ च्या सुरुवातीला मिनेसोटा विद्यापीठाचं गोफर, म्हणजे इंटरनेटवरची माहिती मेन्यूंतून शोधायची व्यवस्था, वेबच्या पुढे होतं. सोपे मेन्यू, भरपूर सर्व्हर. त्याच वर्षी विद्यापीठाने जाहीर केलं की धंद्यासाठी गोफर सर्व्हर चालवणाऱ्यांना शुल्क पडेल. इकडे ३० एप्रिलला सर्नच्या (वेब जिथे जन्मलं ती युरोपातली अणुसंशोधन संस्था) दोन संचालकांनी सही करून लिहून दिलं: वेबच्या कोडवरचे हक्क आम्ही सोडतोय, कुणीही वापरा, बदला, वाटा. खरा टप्पा हा.

उंटावरून शेळ्या:
साफ असहमत. लायसन्स वाचून सॉफ्टवेअर कोण घेतं हो? मोझॅक लिहिणाऱ्या अँड्रीसन आणि बीना या जोडगोळीने चित्र मजकुरातच बसवलं आणि ब्राउझर युनिक्सवाल्यांपुरता न राहता वर्षाच्या आत विंडोज आणि मॅकवरही आला. शिवाय मोझॅकची पहिली चाचणी आवृत्ती जानेवारी १९९३ ची. तुमच्या कागदाची वाट पाहत कुणी थांबलं नव्हतं.

शेल खातेदार:
चित्रांचं कौतुक जरा आवरा. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे इंटरनेट खुलं केलं, तेव्हा आम्हा विद्यार्थ्यांना परवडायचं ते शेल खातं, म्हणजे नुसता मजकूर दाखवणारं स्वस्त खातं. काळ्या पडद्यावर लिंक्स ब्राउझर, बाणाच्या कळांनी दुव्यावरून दुव्यावर उड्या, चित्राच्या जागी कंसात ‘इमेज’ एवढा शब्द. तरी फोनचं बिल येऊन घरात महाभारत होईपर्यंत आम्ही चिकटून होतो.

उंटावरून शेळ्या:
अहो, चित्रवालं खातं परवडलं असतं तर?

शेल खातेदार:
त्याच दिवशी घेतलं असतं. पण वेड आधीच लागलं होतं की!

बिनतारी:
@उंटावरून, जानेवारीत जे चाललं होतं ते विद्यापीठातलं काम. फी भरावी लागणार की काय, ही धास्ती कंपन्यांना असते, पोरांना नाही. आणि मोझॅक उभा होता सर्नच्याच कोड लायब्ररीवर. वर तो स्वतः धंद्यासाठी मोकळा नव्हता; स्पायग्लास कंपनीने हक्क घेतले, तिच्याकडून मायक्रोसॉफ्टने घेऊन एक्सप्लोरर काढला. १९९४ मध्ये अँड्रीसन बाहेर पडून नेटस्केपमध्ये आला, तेव्हा ब्राउझर पहिल्या ओळीपासून नव्याने लिहावा लागला. लिहिता आला, कारण एचटीटीपी आणि एचटीएमएल, म्हणजे वेबची पानं पाठवायचे आणि लिहायचे नियम, यांवर कुणाची मालकी नव्हती. मोझॅक पुढे बुडाला. वेब बुडालं का?

उंटावरून शेळ्या:
हा मुद्दा दमदार आहे, मान्य. पण कागद वेब टिकलं कसं ते सांगतो. लोक आले का, ते नाही सांगत. फुकटात मिळणाऱ्या किती गोष्टी कुणी ढुंकूनही न पाहता मेल्या!

टपालहशील:
दोघांनीही विंडोज ३.१ वर मोझॅक चालवलेला दिसत नाही. त्यात टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटशी बोलायची सोय, नव्हतंच! ती सोय पुरवणारं टास्मानियाच्या पीटर टॅटमचं ट्रम्पेट विनसॉक टाका, डायल करायची स्क्रिप्ट हाताने दुरुस्त करा, मोडेमचं किंचाळणं ऐका, मग चित्रं. ते शेअरवेअर होतं, पैसे भरणं अपेक्षित होतं. बहुतेकांनी भरले नाहीत. घ्या बिनतारी, लोकांना फुकटच हवं होतं, हेही तुमच्याच पारड्यात.