देवकुंडला दिवाळीनंतर मुलांसह जायचे आहे : पाण्यात उतरू द्यावे का?

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून भिऱ्याला जाण्याचा आणि तिथून देवकुंड धबधब्यापर्यंत चालत जाण्याचा आमचा बेत आहे. आम्ही दोघे, ११ वर्षांची मुलगी, १६ वर्षांचा भाचा आणि माझे सासरे असे पाच जण आहोत. सासरे ६७ वर्षांचे असले तरी रोज सकाळी तळजाईची टेकडी चढून येतात आणि खरे सांगायचे तर सर्वांत जास्त उत्साह त्यांनाच आहे.

वाटेची मला फारशी काळजी वाटत नाही. भिरा धरणाच्या जलाशयाच्या काठाने निघून पुढे रानात शिरणारी, ओढे ओलांडत शेवटी थोडी चढणारी ही वाट एका बाजूने साधारण ६ किलोमीटर आहे, असे जाऊन आलेल्यांकडून कळले. पावसाळ्यात प्रशासन तिथे जाण्यास बंदी घालते, ते योग्यच आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हापासून आमच्या घरात जून ते सप्टेंबर धबधब्याचे नावही निघत नाही.

माझा प्रश्न पोहण्याचा आहे. मुलगी तीन वर्षे पोहण्याच्या तलावावर जाते, २५ मीटरच्या दहा फेऱ्या न थांबता मारते, आणि नेमकी याचीच मला धास्ती वाटते. गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मुळशीच्या बाजूला एका ओढ्याच्या डोहात ती माझ्या परवानगीनेच उतरली होती. पाणी इतके गार होते की पहिल्या क्षणी तिला श्वासच घेता येईना. चार हात मारून ती पाय टेकायला गेली, तर खाली तळ नव्हता. मी हात द्यायला वाकलो आणि शेवाळलेल्या कातळावरून घसरून कमरेपर्यंत पाण्यात गेलो. दोघेही बाहेर आलो, पण टॉवेलात गुंडाळलेली असताना ती म्हणाली, "बाबा, खाली काळी रेघच नव्हती." तलावाच्या तळाशी फरशीवर असते ती रेघ.

तेव्हा नोव्हेंबरमध्ये देवकुंडात काठाजवळ उथळ पाणी मिळते का, जीवरक्षक जॅकेट घालून मुलांना उतरवणे पुरेसे आहे का, आणि परतीचा पाऊस लांबला तर बेत कधी रद्द करावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

आपली धास्ती रास्त आहे. काठाला दगडगोटे आहेत आणि धारेकडे जावे तसे कुंड खोल होत जाते, म्हणून मुलांना काठाशीच, कमरेइतक्या पाण्यात बसू द्यावे. धबधब्याखाली जाऊन फोटो काढण्याचा हट्ट भाच्याने केला तरी मानू नये. धारेचे पाणी तळाशी आपटून वर उसळते, तेव्हा पृष्ठभागावरचे पाणी पुन्हा धारेकडेच ओढले जाते. शिवाय तिथल्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्यामुळे अंग नेहमीसारखे तरंगत नाही. जॅकेट असले तरी त्या जागी त्याचा भरवसा धरू नये. काठाजवळ मात्र ते हवेच, आणि ते मुलीच्या मापाचे, घरूनच न्यावे, कारण मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटते.

पावसाचे म्हणाल तर कुंडावर ऊन असतानाही वर घाटमाथ्यावर सर कोसळत असू शकते. पाणी अचानक गढूळ झाले किंवा त्यात पालापाचोळा व काटक्या वाहत येऊ लागल्या, की सामान गोळा करत न बसता सर्वांनी उंचावर जावे. मधले ओढेही तेव्हा फुगतात, त्यामुळे पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावे लागते. आदल्या दोन दिवसांत घाटात पाऊस झाला असेल, तर मी जाणार नाही.

रविवार टाळावा, सकाळी सातच्या सुमारास चालू लागावे आणि गावातला वाटाड्या सोबत घ्यावा. सध्या पाण्यात उतरू देतात की नाही, हेही आधी त्यालाच फोन करून विचारता येईल. ओढ्यात बूट काढू नयेत, ओल्या बुटांनी चालणे परवडते. सासऱ्यांना जाऊन-येऊन १२ किलोमीटर जड वाटले, तर शेवटच्या चढाआधी सावलीत बसवावे, मात्र एकटे नव्हे.