टार्सिअर तोंड उघडतो पण आवाजच येत नाही, असं का?

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. आमचं पोरगं सातवीत आहे, त्यानं मोबाईलवर टार्सिअर म्हणून एका प्राण्याचा व्हिडिओ बघितला आणि आठ दिवस झाले घरात दुसरा विषयच नाही. मुठीत मावंल एवढंसं, डोळे मात्र तोंडभर. एका फांदीला धरून बसलंय आणि मधेच मोठ्ठा आ करतंय, पण आवाज काहीच नाही. पोरगं म्हणतंय ते ओरडतंय, मी म्हटलं जांभई देतंय, काल तर ताटातली भाकरी तशीच ठेवून भांडला माझ्याशी. खरं काय ते जाणकारांनी सांगा. आणि तो म्हणतोय असलं एक पाळूया, तर हे आपल्याकडं कुठं असतं का?

रातकिडा
दादा, पोराचं म्हणणं बरोबर असू शकतं. व्हिडिओतला बहुतेक फिलिपिन्सचा टार्सिअर असणार. त्याचा अभ्यास करणाऱ्यांनाही आधी हेच दिसायचं, तोंड उघडतोय आणि आवाज नाही. मग अल्ट्रासाऊंड, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा फार उंच पट्टीचा आवाज, पकडणारं यंत्र लावल्यावर कळलं की तो ओरडतोय, साधारण 70 किलोहर्ट्झला (आवाजाची पट्टी मोजायचं हे माप). माणसाचा कान 20 च्या पुढं जात नाही आणि त्याला स्वतःला 91 पर्यंत ऐकू येतं. 2012 साली हे छापून आलं. त्या व्हिडिओत नक्की काय चाललं होतं ते मी इथं बसून सांगू शकत नाही, जांभईही असेल, पण पोराला एकदम खोटं पाडू नका.

डोळ्यांचं सांगतो. एकेक डोळा 16 मिलीमीटरचा, म्हणजे आपण खेळायचो त्या काचेच्या गोटीएवढा, आणि एक डोळा त्याच्या मेंदूएवढा भरतो. वजन अख्ख्या प्राण्याचं शे-सव्वाशे ग्रॅम, कोंबडीची दोन अंडी हातात घेऊन बघा. एवढा मोठा डोळा खोबणीत फिरवताच येत नाही, म्हणून पिंगळ्यासारखी मान वळवतो, जवळपास पाठीमागं बघतो. पाला, फळं काही खात नाही. नाकतोडे, झुरळं, पाली, कधी लहान पाखरू, सगळं जिवंत पकडून. माकडांच्या अख्ख्या कुळात निव्वळ शिकारीवर जगणारा हा एकटाच.

निळी_छत्री
मी ऑफिसच्या ग्रुपबरोबर फिलिपिन्समधल्या बोहोल बेटावर गेले होते, तिथं कोरेला गावात टार्सिअरचं अभयारण्य आहे. गाईड पुढं चालतो, तोंडावर बोट ठेवून. बोलायचं नाही, फ्लॅश नाही, हात लावायचा नाही. मला तर आधी दिसलाच नाही, वाळकं पान वाटलं. मग दिसला, मनगटाएवढ्या खोडाला उभा चिकटलेला, बोटं लांब लांब आणि टोकाला गोल गाद्या, पालीच्या असतात तशा, आणि ती लांबलचक बिनकेसाची शेपटी खोडाला टेकवलेली. डोळे अर्धे मिटलेले. बाजूच्या बाईनं कॅमेऱ्याचं झाकण लावलं, टक् एवढाच आवाज, तर त्याचा पातळ कान त्या बाजूला वळला. आम्ही दिवसा गेलो म्हणजे त्याच्या भर मध्यरात्री गेलो होतो हो, मला नंतर फार वाईट वाटत राहिलं.

पाळायचं तर मनातसुद्धा आणू देऊ नका त्याला. पूर्वी तिथं पर्यटकांच्या खांद्यावर ठेवून फोटो काढू द्यायचे. शांत बसतो म्हणून लोकांना वाटायचं माणसाळलाय. तो घाबरून गप्प असतो. पिंजऱ्यात ठेवला की डोकं आपटून घेतो, खाणं सोडतो, मरतो. फिलिपिन्स सरकारनं 1997 मध्ये त्याला खास संरक्षण दिलंय.

माळरान_वाटसरू
आपल्याकडं नाही. फिलिपिन्स, सुलावेसी, बोर्निओ, सुमात्रा आणि त्यांच्या आसपासची छोटी बेटं, बास, एवढ्याच बेटांवर. उड्या मारायला त्याला दाट उभी खोडं लागतात, एका उडीत तीन-चार मीटर सहज जातो. आपल्या नान्नजच्या माळावर त्यानं उडी मारायची तरी कशावर! भारतात दिसायला जरा तसा म्हणजे लोरिस, रात्री फिरणारा मोठ्या डोळ्यांचा छोटा प्राणी, त्याच्यासाठी तमिळनाडूत 2022 मध्ये कडवूरला अभयारण्य झालं. पण नातं लांबचं. टार्सिअर लोरिसपेक्षा माकडांच्या आणि आपल्या जवळचा आहे.

जुळेसोलापूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. पोराला सगळं वाचून दाखवलं, दोन अंडी हातात घेऊन बसला होता बराच वेळ. पाळायचं बोलला नाही परत. आता नवीन प्रश्न, रात्री बॅटरी मारली तर मांजरासारखे डोळे चमकतात का त्याचे?

रातकिडा
नाही चमकत, आणि हा प्रश्न भारी आहे पोराचा. मांजराच्या, लोरिसच्या डोळ्यात मागं आरशासारखा पडदा असतो, आत आलेला उजेड तो परत फिरवतो, म्हणून चमक दिसते. टार्सिअरला तो पडदा नाही, आपल्यालाही नाही. म्हणजे याचे पूर्वज दिवसा फिरणारे असावेत, मग हा रात्रीकडं वळला आणि पडदा नाही तर नाही म्हणून डोळाच एवढा मोठा झाला, असं मानतात.

आणि त्याला सुलावेसीच्या टार्सिअरचं रेकॉर्डिंग शोधून ऐकवा. तो आपल्या कानाला ऐकू येतो. पहाटे शिकार आटपून झोपायच्या झाडाकडं, बहुतेक वडाच्या जातीचं ढोलीवालं झाड असतं, तिकडं परत येताना नर-मादी मिळून गातात. हेडफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर ते बारीक सूर नीट येत नाहीत.