खोटा दावा अंगावर आला तर: दोष वकिलाचा की तीन हजार रुपयांचा?

बांधकरी

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे सगळ्यांनाच पाठ आहे. पण पायरी आपण चढलोच नाही, समोरच्याने दंडाला धरून नेलं, तर शहाण्याने काय करायचं?

समजा, १९९८ साली नोंदणीकृत खरेदीखताने शेतजमीन घेतली. फेरफार मंजूर आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, वहिवाट अखंड आहे. पंचवीस वर्षांनी शेजारून रस्ता गेला, भाव चढला, आणि विकणाऱ्याचा मुलगा उगवला: 'जमीन वडिलोपार्जित होती, बापाने आमचा हिस्सा परस्पर विकला.' वाटपाचा आणि मनाईचा दावा दाखल. मागून निरोप: 'काहीतरी द्या, दावा काढून घेतो.' असे दावे प्रत्येक तालुक्यात सापडतील.

सुरुवातीला काय करायचं, काय चुकतं? असा दावा लावणाऱ्याला काही भोगावं लागतं का? आणि लोक म्हणतात की ही सगळी वकिलांचीच करणी, ते कितपत खरं?

निशाणी_पाच

आधी एक समजून घ्या. असा दावा जिंकण्यासाठी लावलेला नसतो, तुमची विक्री आणि कर्ज अडवण्यासाठी लावलेला असतो. हुकूमनामा मिळाला नाही तरी वादीचं काम झालेलं असतं. त्यामुळे 'शेवटी सत्य आपल्या बाजूने आहे' म्हणून स्वस्थ बसणं हीच पहिली चूक.

नोटीस आली आणि दावा अजून लागायचा असेल, तर कॅव्हेट टाका, म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम १४८अ). ते ९० दिवस चालतं, पुढे नवीन टाकावं लागतं. ज्याच्या ज्याच्याकडून दावा येऊ शकतो त्या सगळ्यांची नावं घाला, गट नंबर नीट लिहा, प्रत रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे कॅव्हेट फक्त तालुक्याच्या कनिष्ठ स्तर न्यायालयात टाकलं जातं आणि मूल्यांकन (दाव्याची दाखवलेली किंमत) वाढवून दावा वरिष्ठ स्तराकडे जातो. दोन्हीकडे टाका.

समन्स आलं तर घ्या. नाकारलं तरी बजावणी झाली असंच धरलं जाऊ शकतं, आणि मग सगळं एकतर्फी सुरू. वकीलपत्र दाखल करून दाव्याची आणि सोबतच्या कागदांची पूर्ण प्रत मिळवा. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर लिहून ठेवा, ई-कोर्ट्सवर पुढच्या तारखा स्वतः बघता येतात.

खरी लढाई निशाणी ५ वर असते, म्हणजे तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावर. कोर्ट तीन गोष्टी बघतं: प्रथमदर्शनी बाजू कोणाची, गैरसोय कोणाची जास्त, आणि पैशाने भरून न येणारं नुकसान होणार आहे का. म्हणणं देताना खरेदीखत, सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातला खताचा उतारा), फेरफार आणि १९९८ पासूनचे सलग सातबारे पीकपाहणीसकट लावा. लोक शेवटचा एकच सातबारा लावतात. मालकी त्यातून दिसते, पण सलग वहिवाट पीकपाहणीच्या रकान्यांतूनच दिसते. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीचं वीजबिल, पाणीपट्टी, जे असेल ते सगळं द्या.

वादीला एकतर्फी मनाई मिळाली असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३९ नियम ३ वाचा. अर्ज, प्रतिज्ञापत्र, दावा आणि कागद ताबडतोब प्रतिवादीला पाठवायचे आणि पाठवल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करायचं, ही वादीची जबाबदारी आहे. ते केलं नसेल तर रोजनाम्याची (कोर्टाच्या तारीखवार नोंदींची) नक्कल काढून हाच मुद्दा पुढे करा. नियम ३अ प्रमाणे असा अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचा कोर्टाने प्रयत्न करायचा असतो. मनाई मिळवताना महत्त्वाच्या बाबीवर जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल, तर ती उठवून घेण्यासाठी नियम ४ आहे. वादीने दाव्यात खरेदीखताचा उल्लेखच टाळला असेल तर हे नियम फार उपयोगी पडतात.

सातअकरा

वरच्यात भर. दावा हातात आला की तीन परिच्छेद आधी वाचायचे: दाव्यास कारण, मुदत, मूल्यांकन. बनावाची शिवण बहुतेक तिथेच उसवते.

या उदाहरणात बापाने विकलेल्या वडिलोपार्जित जमिनीला मुलाने आव्हान द्यायची मुदत १२ वर्षं आहे, आणि ती मोजायची खरेदीदाराने ताबा घेतल्यापासून (मुदत कायदा, अनुच्छेद १०९). माहिती झाल्यापासून नव्हे. म्हणजे १९९८ चा ताबा असेल तर २०१० ला मुदत संपली. मुलगा तेव्हा एक वर्षाचा असला तरी सज्ञान झाल्यावर फार तर तीन वर्षं, म्हणजे २०१८ च्या आसपास. म्हणून अशा दाव्यांत दोन वाक्यं ठरलेली असतात: 'सदर खताची माहिती वादीस अलीकडेच झाली' आणि 'ताबा आजही वादीचाच आहे'. पहिलं वाक्य सवयीने टाकलेलं असतं. मुदतीला खरी बगल देतं ते दुसरं. म्हणून पीकपाहणी.

आदेश ७ नियम ११ खाली दावा सुरुवातीलाच फेटाळून मागता येतो. कारण घडलेलं नसणं, मूल्यांकन किंवा कोर्ट फी कमी असून आदेश देऊनही न भरणं, कायद्याने दावा बाधित असणं, अशी कारणं त्यात आहेत. १९७७ च्या टी. अरिवंदंदम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्णा अय्यर यांनी सांगितलं होतं की चतुर शब्दरचनेने उभा केलेला दाव्याचा आभास पहिल्याच सुनावणीत खोडून काढावा, गरज पडल्यास आदेश १० खाली पक्षकाराला समोर उभं करून विचारावं. निकाल अर्जांत उद्धृत खूप होतो. दहाव्या आदेशाचा वापर मात्र कमी.

मर्यादा लक्षात ठेवा. सात-अकराचा अर्ज ठरवताना कोर्ट फक्त दावा आणि त्यासोबतचे कागद बघतं, तुमचे नाही. आणि अर्धा दावा फेटाळता येत नाही, एक मागणी टिकली तर सगळा टिकतो. मुदतीच्या मुद्द्यावर 'पुरावा घेऊन ठरवू' असा आदेश बऱ्याचदा येतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक: सात-अकराचा अर्ज दिला म्हणून कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) थांबवणं. कैफियतीची मुदत समन्सपासून ३० दिवस, वाढवून ९०. साध्या दिवाणी दाव्यात त्यानंतरही कोर्ट कारण बघून घेऊ शकतं, पण तोवर 'नो डब्ल्यूएस'चा, म्हणजे कैफियतीशिवाय पुढे जाण्याचा आदेश होतो आणि तो उठवायला खर्च भरावा लागतो. दोन्ही एकदम दाखल करा.

जाता जाता, जुन्या पुस्तकांत महाराष्ट्रापुरतं कलम ९अ सापडेल, अधिकारक्षेत्राचा मुद्दा आधी ठरवण्याचं. ते २०१८ मध्ये काढून टाकलंय. त्यावर वेळ घालवू नका.

चष्मेवाली

सगळे 'खोटा दावा' म्हणताय, म्हणून दोन ओळी. प्रत्येक प्रतिवादीला समोरचा दावा खोटाच वाटतो. बहिणीने वाटप मागितलं की गावभर तेच म्हणतात. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना सहदायिक (वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून वाटेकरी) केलं, २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहितांनाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालाने (११ ऑगस्ट २०२०) वडील २००५ मध्ये हयात असण्याची अटही काढली. तिचा दावा खोडसाळ नाही, कायद्याने दिलेला आहे. भावांनी कोऱ्या कागदावर घेतलेली 'हक्कसोड' तिच्या हक्काच्या आड येत नाही.

मात्र २००५ च्या दुरुस्तीतच २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या विक्रीला संरक्षण आहे. १९९८ चं खरं खरेदीखत केवळ या दुरुस्तीच्या जोरावर उलथत नाही. म्हणून वाटप मागणारी बहीण आणि जुन्या खरेदीदाराला वेठीला धरणारा मुलगा यांना एका माळेत ओवू नका. दुसऱ्या प्रकारात कधीकधी बहिणीचं नाव वादी क्रमांक एक म्हणून पुढे करतात, कारण १९९४ च्या राज्य अधिसूचनेने मिळकतीच्या वादासह काही प्रकारांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. तिला दाव्यात काय लिहिलंय हेही ठाऊक नसतं. उलटतपासात ते बाहेर येतं.

आणि खरेदीदारांसाठी: कर्त्याने (एकत्र कुटुंबाच्या प्रमुखाने) कायदेशीर गरजेसाठी विकली हे दाखवण्याचा भार खरेदीदारावर असतो. खरेदीखतात 'कर्जफेडीसाठी', 'मुलीच्या लग्नासाठी' असं काही लिहिलंय का बघा, आणि त्या काळचे कर्जफेडीचे कागद शोधा.

खर्चाची_यादी

बांधकऱ्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण रोगाचं मूळ तिथे आहे.

खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल प्रतिवादीला भरपाई देण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ३५अ आहे. कमाल रक्कम: ३,००० रुपये. हा आकडा १९७६ च्या दुरुस्तीतला. व्यापारी न्यायालयांत येणाऱ्या वादांसाठी २०१५ च्या कायद्याने ही मर्यादा उठवली, पण भावकीच्या जमिनीचा वाद तिथे जात नाही. अपुऱ्या कारणावर मनाई मिळवल्याबद्दल कलम ९५ खाली भरपाई ५०,००० पर्यंत. एका गुंठ्याच्या आजच्या भावाशी ताडून बघा. कोट्यवधींची जमीन दहा वर्षं अडकवायची किंमत तीन हजार असेल, तर वकील कितीही सज्जन असले तरी असे दावे येतच राहणार.

म्हणून कलम ३५अ वर थांबू नका, कलम ३५ धरा. त्यात हरणाऱ्याने खर्च द्यायचा हा नियम आहे आणि तो न दिल्यास कोर्टाने कारण लिहायचं असतं. सालेम बार असोसिएशनच्या २००५ च्या निकालात खर्च वास्तववादी असावा असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, रामरामेश्वरी देवी (२०११) मध्ये तेच आणखी कडक शब्दांत. प्रत्यक्षात तुटपुंजी रक्कम मिळते, कारण मागणाऱ्याने हिशोबच दिलेला नसतो. पहिल्या तारखेपासून वही ठेवा: फीच्या पावत्या, नकला, साक्षीदार भत्ता, कोर्ट कमिशनरचा खर्च, टपाल. कोणते खर्च धरता येतात ते आदेश २०अ मध्ये आहे. युक्तिवादाच्या वेळी लेखी विवरण पावत्यांसह द्या.

विक्री अडवण्याचं मोठं हत्यार म्हणजे लिस पेंडन्स: दावा चालू असताना मिळकत घेणाराही निकालाने बांधला जातो हा नियम. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ ला मुंबई प्रांताची १९३९ ची दुरुस्ती आहे. ती जिथे लागू आहे तिथे दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवली तरच खरेदीदार बांधला जातो. नोंदवलेली नोटीस सर्च रिपोर्टमध्ये दिसते आणि बँक हात आखडते. त्यावर उपाय म्हणजे निशाणी ५ फेटाळल्याच्या आदेशाची प्रमाणित नक्कल हाताशी ठेवणं. तरीही खरेदीदार भाव पाडून मागतो, हे मान्यच करावं लागतं.

फौजदारीकडे लोक फार लवकर वळतात. कोर्टात अप्रामाणिकपणे खोटा दावा करणं गुन्हा आहे (पूर्वीचं भा.दं.वि. २०९, आता भारतीय न्याय संहिता २४६), पण तक्रार कोर्टानेच करायची असते, त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली अर्ज (पूर्वीचं ३४०). निकालाआधी दिलेला असा अर्ज मूळ दाव्याला आणखी एक तारखांची शेपटी जोडतो. निकालात 'कागद बनावट' असा निष्कर्ष येऊ द्या, मग द्या.

एकच माणूस वर्षानुवर्षं दाव्यांवर दावे लावत असेल तर महाराष्ट्राचा १९७१ चा त्रासदायक दावेबाजी प्रतिबंधक कायदा आहे. महाधिवक्त्यांच्या अर्जावर उच्च न्यायालय त्याला परवानगीशिवाय दावा लावण्यास मज्जाव करू शकतं. क्वचित वापरलं जाणारं शस्त्र.

काळा_कोट

वकिलांबद्दल बोलायचं तर आमच्या व्यवसायाला नावं ठेवायला जागा आहे. पण चुकीच्या जागी नको. भारतात जिंकल्यास अमुक टक्के अशी फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे, जाहिरातीलाही बंदी आहे. त्यामुळे अमेरिकेसारखं 'जिंकलो तर तिसरा हिस्सा माझा' इथे अधिकृतपणे चालत नाही. इथे फी बहुधा टप्प्यांवर नाहीतर तारखेवर असते, आणि तारखेवर असेल तर लांबण्यात दोन्ही बाजूंच्या वकिलांचं नुकसान नसतं. लोकांचा संशय इथे निराधार नाही. उपाय साधा: फी टप्प्यांवर ठरवा. कैफियत व निशाणी ५, मुद्दे ते पुरावा, युक्तिवाद. पावती मागा.

तारीख का पडली ते रोजनाम्यात बघा, वकिलाच्या तोंडून नको. आदेश १७ प्रमाणे सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत आणि 'वकील दुसऱ्या कोर्टात आहेत' हे कारण नाही असं स्पष्ट लिहिलंय. कोर्ट रिकामं असणं, न्यायाधीशांची बदली, समन्स परत येणं यामुळे पडलेल्या तारखा वेगळ्या मोजा. आकडा बघितला की राग कोणावर काढायचा ते कळतं.

वकील बदलायचा असेल आणि तो ना-हरकत देत नसेल तर कोर्टात अर्ज करा. फी थकली म्हणून फाइल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही (आर. डी. सक्सेना निकाल, २०००). गैरवर्तनाची तक्रार ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. ग्राहक मंचाचा रस्ता सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ ला बंद केला. 'केस हरलो' हे मात्र गैरवर्तन नव्हे.

बांधकरी

आभार. एक राहिलं. मध्येच वादी दावा काढून घेतो म्हणाला, तर लगेच हो म्हणावं का?

सातअकरा

त्याची पुरसीस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) शब्दन् शब्द वाचा. 'पुन्हा दावा लावण्याची मुभा ठेवून' असं त्यात असेल तर लेखी हरकत घ्या. आदेश २३ नियम १ प्रमाणे अशी मुभा कोर्टाची परवानगी असेल तरच मिळते, आणि दाव्यात तांत्रिक दोष किंवा तसंच पुरेसं कारण दाखवावं लागतं. मुभेशिवाय काढला तर त्याच कारणावर नवा दावा चालत नाही. खर्चाचं विवरण त्याच दिवशी द्या. लिस पेंडन्स नोंदवलेली असेल, तर ती रद्द करून देण्याची हमी पुरसीसमध्ये लिहून घेतल्याशिवाय 'हरकत नाही' लिहू नका. नाहीतर दावा गेला आणि सर्च रिपोर्टमधली नोंद तशीच, आणि तिच्यासाठी पुन्हा त्याच माणसाच्या दारात.