केसांभोवतीची हिरवी कड
हिरव्या पडद्यासमोर शूट केलेल्या व्हिडिओतून पडदा काढताना (यालाच 'की' करणं म्हणतात) केसांभोवती हिरवी कड उरते, असा तुमचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की कीलाइट या पडदा काढणाऱ्या इफेक्टमध्ये 'क्लिप ब्लॅक' (गडद राखाडी भाग पूर्ण काळा, म्हणजे पारदर्शक करणारी सेटिंग) वाढवत नेलं की हिरवं जातं, पण सोबत केसही जातात. जाणारच! क्लिप ब्लॅक म्हणजे कोयता, कंगवा नव्हे. आधी व्ह्यू 'स्क्रीन मॅट'वर (काय राहणार, काय जाणार हे काळ्या-पांढऱ्यात दाखवणारं चित्र) ठेवून बघा. माणूस पांढरा, पडदा काळा आणि केसांच्या टोकांशी राखाडी छटा दिसायला हवी. ती राखाडी म्हणजेच तुमचे केस, ती मारू नका.

मी एकाच क्लिपच्या दोन प्रती करतो. एकीवर कडक की, मास्क (क्लिपचा हवा तेवढाच भाग ठेवणारी आखलेली आकृती) लावून फक्त अंगाच्या आतल्या भागापुरती. दुसरीवर मऊ की, कडा आणि केसांसाठी. पडद्याच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या कीने घालवत बसू नका, गार्बेज मॅटने (नको असलेला भाग वगळायला हाताने आखलेली आकृती) सरळ कापून टाका.

कडेला जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात, त्यात मात्र सॉफ्टवेअरचा फारसा दोष नाही. मोबाइलचं नेहमीचं फुटेज ४:२:० असतं, म्हणजे ४ पिक्सेलमागे रंगाची नोंद एकच. आणि की चालते ती रंगावरच! कॅमेऱ्यात ४:२:२ची (२ पिक्सेलमागे रंगाची एक नोंद) सोय असेल तर तेच निवडा.

गालावरच्या हिरव्या झाकेसाठी माणूस पडद्यापासून ६-७ फूट पुढे उभा करा. माझ्या खोलीत तेवढी जागा नव्हती, म्हणून पलंग बाहेर काढला. घरच्यांची बोलणी खाल्ली, पण डिस्पिलचं (हिरवी झाक पुसण्याचं) काम निम्म्यावर आलं.