महायुद्धात अमेरिकेने युरोपसाठी पुस्तकं निवडली, ती नक्की कोणी?

पुस्तकी_किडा:
जून १९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरलं आणि काही आठवड्यांतच दारूगोळा, औषधांबरोबर पुस्तकांचे खोकेपण तिथे उतरवले असं वाचलं. सैनिकांसाठी नाही, तिथल्या फ्रेंच लोकांसाठी! लोकांच्या पोटात अन्न नाही आणि हे पुस्तकं कसली पाठवतायत? कोणती पाठवायची हे कोण ठरवायचं, आणि हा चक्क प्रोपगंडाच नाही का?

जुनं_कपाट:
प्रोपगंडा होताच, लपवायचं काय त्यात. यादी ठरवायचं ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशन, म्हणजे सरकारचं प्रचारखातं, आणि छपाईबिपाई बघायची प्रकाशकांची कौन्सिल. त्यांनी १९४४ मध्ये ओव्हरसीज एडिशन्स म्हणून ना-नफा कंपनी काढली, ७२ पुस्तकं, इंग्रजी फ्रेंच जर्मन इटालियन मिळून ३६ लाखांच्या आसपास प्रती. पण खरी मेख अशी की ही पुस्तकं फुकट वाटायची नाहीत असं ठरलेलं, तिथल्या दुकानांतून तिथल्याच पैशांत विकायची. फुकट दिलं की लोक पत्रक समजून फेकून देतात, विकत घेतलेलं वाचतात. शिवाय युद्धानंतर युरोपचं मार्केट आपल्याला मिळावं हा प्रकाशकांचा हिशोब होताच, ते काय धर्मादाय करायला बसले नव्हते.

रिकामटेकडी:
आणि भूक फक्त पोटाची नसते हो. जर्मनांनी १९४० मध्येच पॅरिसमध्ये ऑटो लिस्ट (बंदी घातलेल्या पुस्तकांची यादी) काढून हजारावर पुस्तकं दुकानांतून उचलली, पुढे १९४२ च्या यादीत इंग्रजीतून भाषांतर झालेली बहुतेक पुस्तकंसुद्धा गेली, जुने क्लासिक्स तेवढे सोडून. चार वर्षं हे असं, मग मिळेल ते वाचणारच ना माणूस.
मला निवडीची पद्धत इंटरेस्टिंग वाटते. बहुतेक पुस्तकं आधीच अमेरिकेत छापून खपलेली, मुद्दाम लिहून घेतलेली अगदी थोडी (स्टीफन व्हिन्सेंट बेने यांचं 'अमेरिका' हे त्यातलं एक). म्हणजे खोटं काही लिहायचं नाही, फक्त देशाची लाज निघेल असं पुस्तक यादीत येऊ द्यायचं नाही. आपल्याकडे मॉस्कोहून प्रगती प्रकाशनाची गुळगुळीत कागदाची स्वस्त पुस्तकं यायची त्यांचीही तीच तऱ्हा, आणि आपण ती आवडीने वाचलीच की.

जुनं_कपाट:
सहमत. एक राहिलं, नॉर्मंडीचे ते खोके आधीपासून साठवून ठेवलेल्या मालातले होते. ती ७२ वाली, एक तर कागदाला रेशनिंग, त्यात भाषांतर, मग जहाजात जागा मिळेपर्यंत थांबा, या सगळ्यात बरीचशी मे १९४५ नंतरच पोचली. युद्धासाठी काढलेली पुस्तकं आणि युद्ध संपलेलं, सरकारी काम!

पुस्तकी_किडा:
भारी माहिती. आणि खुद्द जर्मनांना काय वाचायला दिलं?

जुनं_कपाट:
अमेरिकेतल्या जर्मन युद्धकैद्यांसाठी वेगळी २४ पुस्तकांची मालिका होती, 'नॉइए वेल्ट' नावाची, छावणीच्या कॅन्टीनमध्ये २५ सेंटला एक. त्यात जर्मन लेखक रेमार्कची ती पहिल्या महायुद्धावरची कादंबरीपण ('ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट') होती, जी नाझींनी १९३३ मध्ये जाळली होती. तीसुद्धा फुकट नाही, पैसे मोजूनच!