चर्चा: पंचगंगेत बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) सोडून मासे परत येतील का?

प्रयागचिखली (धागा सुरू करणारा)
नदीतले मासे कमी झाले की मत्स्यबीज सोडा, हे एकच उत्तर वर्षानुवर्षं ऐकतोय. माझं म्हणणं उलट आहे. आराखडा 15 वर्षांचा करा आणि पहिली 5 वर्षं एकही बोटुकली सोडू नका. तो पैसा पाण्यावर लावा. उन्हाळ्यात बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) बसलेले असतात, मागं सांडपाणी आणि साखर कारखान्यांची मळी साचते. पावसाच्या तोंडावर बरगे निघाले की ते काळं पाणी एका लोंढ्यात खाली येतं, त्यातला प्राणवायू संपलेला असतो. नेमकी तीच वेळ चढणीची, म्हणजे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढण्याची. अंड्यावर आलेली मादी तेव्हाच मरते. मग वरून कितीही बीज ओता.

दुसरं, कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती या पंचगंगेच्या उपनद्यांचे खोल डोह राखीव ठेवा. महाडजवळ वाळण कोंडीच्या डोहात देवाचे मासे म्हणून कोणी हात लावत नाही. तिथं महासीर हा नदीतला मोठा मासा आजही आहे.

भोईगल्ली
दादा, 15 वर्षांत माझी पोरं धंदा सोडून जातील. बीज पडतं म्हणून जाळ्याला काहीतरी लागतं. वाम, मरळ, शिंगाळा आजोबांनी पोटभर धरले, मला चिलापी मिळते आणि बाजारात तीच खपते. राखीव डोह म्हणजे आधी आम्हालाच बंदी. मळी सोडणाऱ्याला कोण अडवणार?

बीजकेंद्र
मत्स्यबीजाला सरसकट नावं ठेवू नका. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकात महासीरचं बीज तयार करायला सुरुवात केली. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1839 मध्ये ज्याची नोंद केली, तोच हा दख्खनी महासीर. नदीत नर-मादीच उरले नसतील तर पाणी स्वच्छ करून अंडी कोण घालणार?

प्रयागचिखली
त्याच बीजाची पुढची गोष्टही सांगायला हवी. ते कावेरीतही सोडलं गेलं. कावेरीचा स्वतःचा महासीर वेगळा, पाठीवर कुबड असलेला, जगातल्या मोठ्या महासीरांपैकी एक. सोडलेला मासा वाढत गेला आणि कुबडवाला हटत गेला. त्याची शास्त्रीय ओळख 2018 मध्ये पक्की झाली, तोवर तो नष्ट होण्याच्या काठावर आला होता. हेतू चांगला होता, मासाही दुर्मीळ होता, फक्त नदी त्याची नव्हती. आपण इथं रोहू-कटला सोडतो, ते तर मूळचे उत्तरेच्या नद्यांचे. धरणाच्या तलावात खुशाल वाढवा, ठेका घ्या. वाहत्या नदीत मात्र त्याच नदीच्या माशाचं बीज हवं, तेही पाणी सुधारल्यावर. नर-मादी उरले नाहीत हा तुमचा मुद्दा मला पटतो. म्हणूनच आधी डोह तपासू.

शिरोळकर
पाणी टप्प्याटप्प्यानं सोडा म्हणाल तर थोडे बरगे मे महिन्यातच काढावे लागतील. पाऊस लांबला तर आमच्या मोटारी कोरड्या. उसाचं काय?

प्रयागचिखली
खरी अडचण आहे, ती मी नाकारत नाही. पण काळं पाणी साचूच दिलं नाही तर बरगे लवकर काढायची गरजच कमी होते. सगळं घोडं सांडपाण्याशीच अडतंय.

भोईगल्ली
समुद्रात 1 जून ते 31 जुलै बोटी बंद असतात, ते मला मान्य आहे. तशी चढणीच्या वेळी दोन महिने आमची जाळीही वर राहतील, मी स्वतः गल्लीत सांगेन. दोन गोष्टी लिहून द्या. त्या दोन महिन्यांचे पैसे खात्यावर. आणि मासे तरंगले की त्याच दिवशी पंचनामा, आमच्या संस्थेच्या माणसासमोर, पाण्याचा नमुना आमच्या डोळ्यांदेखत भरून. हे नसेल तर येत्या जूनमध्ये माझं जाळं पाण्यातच असेल.