एन्काउंटरवरून तुमच्या घरी, शेजारात कधी फाटलंय का?

उंबरठा
काल मावशीकडे पंगत बसली होती. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला तो, पोलिसांच्या गोळीने मेला, त्या प्रकरणाचा विषय निघाला. मावसभाऊ म्हणाला, "आम्ही पेढे वाटले होते तेव्हा." भाऊजी म्हणाले, "उद्या तुझ्या पोराला उचललं तर?" आणि सरळ पानावरून उठले. वरणभात तसाच.

मला आमची लालबागची चाळ आठवली. १९९६ साल. तळमजल्यावरचा मुलगा, माझ्याहून बराच मोठा. पतंगाला कण्णी बांधायला मला त्यानेच शिकवलं. पुढे वाईट संगतीला लागला, कुणाकुणाचे निरोप पोचवायचा, हे सगळ्या चाळीला ठाऊक. एक दिवस पेपरात चार ओळी: पोलिसांवर गोळीबार केला, प्रत्युत्तरात ठार.

बाबा म्हणाले, "सुंठीवाचून खोकला गेला." माझी आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. डबा भरून द्यायची, बोलायची नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याची आई नळावर आली. हंडा लावला आणि नुसती बघत उभी राहिली. हंडा भरून वाहायला लागला. एरवी आमच्याकडे वाहत्या नळावरून डोकी फुटायची. त्या दिवशी रांगेतून कुणी हूं की चूं केलं नाही.

तुमच्याकडे असं काही घडलंय का? कोण बरोबर ते ठरवायला धागा नाही.

कढीपत्ता
मी बदलापूरचीच. २० ऑगस्ट २०२४ ला रुळावर उतरलेल्यांत मीही होते. लेक शिशुवर्गात आहे, त्यामुळे त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतंच. महिन्याभराने तो आरोपी पोलिसांच्या व्हॅनमध्ये मारला गेला तेव्हा शेजारच्या काकू पेढा घेऊन आल्या. घेतला. तोंडात घालवेना म्हणून वाटीत झाकून फ्रिजमध्ये ठेवला. मग त्याला पुरायला कुठे जागा देईनात, शेवटी उल्हासनगरात पोलीस बंदोबस्तात पुरला. ते टीव्हीवर बघताना पेढ्याची आठवण झाली. बुरशी आली होती. टाकला. मला नेमकं काय वाटलं ते अजून सांगता येत नाही.

मीठभाकर
तो हंडा 😔

झणझणीत
आमच्याकडे रोजच एन्काउंटर असतो, साबा (सासूबाई) विरुद्ध मी 😄

कढीपत्ता
झणझणीत, विषय काय, तुमचं काय!

झणझणीत
सॉरी, शीर्षक वाचूनच लिहिलं. आता वर जाऊन वाचते.

फौजदाराची लेक
फोनवरून लिहितेय, चुका पोटात घाला. बाबांनी ३१ वर्षांच्या नोकरीत सराव सोडला तर एकदाही गोळी झाडली नाही. हायकोर्टाने विचारलं ना, हातापायावर का नाही मारली, तेव्हा बाबा टीव्हीशीच भांडायला लागले. "हलत्या गाडीत पाय शोधत बसणार का?" मी म्हटलं, हो, बरोबर आहे. दहा मिनिटांनी चहा पिता पिता स्वतःच म्हणाले, "पण चार जणांना एक पोरगा आवरेना, हे मी साहेब असतो तर आधी विचारलं असतं." मग कप ठेवून बागेत गेले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांवर ठपका आला, तेव्हा चकार शब्द नाही. त्या दिवशी पेपर घडीही न मोडता रद्दीत.

कुकर झाला, नंतर येते.

अपील
वकिली करतो म्हणून राहवत नाही. चकमकीत माणूस गेला तर काय करायचं याचे १६ मुद्दे सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेत. गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याकडे द्या, लगेच बढती-शौर्यपदक नको वगैरे. तो खटला मुंबईचाच होता. १९९५ ते ९७ मधल्या ९९ चकमकी, सुमारे १३५ माणसं. निकालाची तारीख २३ सप्टेंबर २०१४. मुंब्रा बायपासवर व्हॅनमध्ये बदलापूरच्या आरोपीवर गोळी सुटली २३ सप्टेंबर २०२४ ला. तारखेला तारीख, दहा वर्षं.

उंबरठा, तुमच्या चाळीतला मुलगा त्या १३५ मध्ये असेल.

उंबरठा
असेल. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

रोखठोक_७२
सगळे एकाच सुरात लिहिताय म्हणून माझंही घ्या. बहिणीच्या विनयभंगाची केस सात वर्षं चालली. तो प्रत्येक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून यायचा आणि आमच्याकडे बघून हसायचा. साक्षीदार फुटले, सुटला. हैदराबादला २०१९ मध्ये बलात्कार-खुनाचे चार आरोपी चकमकीत मारले आणि लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, तेव्हा मी स्टेटस ठेवलं होतं. आजही ठेवीन.

अपील
राग समजतो. पण त्याच हैदराबादच्या चकमकीवर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये अहवाल दिला की मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या. ते चौघे गुन्हेगार होते की नव्हते, हे आता कुठल्याच कोर्टात ठरणार नाही. खटला लवकर चालवा, ही मागणी करा ना.

रोखठोक_७२
केली होती. तारीख मिळाली.

अपील
यावर काय बोलणार.

घाटावरचा
मी जिवंत आहे तो एका हवालदारामुळे (थोडं जास्त होतंय, पण तेव्हा तसंच वाटलं होतं). २००३. रात्री दोनला खोलीवर आले, नाव-आडनाव जुळत होतं. जीपमध्ये घातलं. पुढचे साहेब काही ऐकूनच घेईनात. मागे बसलेल्या हवालदाराने हळूच विचारलं, "बापाचं नाव काय रे?" सांगितलं. त्याने बॅटरीच्या उजेडात कागद बघितला, म्हणाला, "साहेब, हा तो नव्हे." चौकात उतरवून दिलं. एका पायात चप्पल होती, तसाच चालत आलो. घरी आजतागायत सांगितलेलं नाही, आणि घरचे सगळे रोखठोक यांच्या मताचे.

मीठभाकर
घाटावरचा, बापरे. घरी सांगा हो आता तरी.

घाटावरचा
बघू. आईला बीपी आहे.

लोकल_८_१२
आमच्या डब्यात २०२४ च्या मार्चमध्ये यावरून जुंपली होती. वर्सोव्याची २००६ ची चकमक, हायकोर्टाने निवृत्त अधिकाऱ्याला जन्मठेप दिली तेव्हा. मेलेल्याचा भाऊ वकील, त्याने उचलून नेल्याबरोबर तारा आणि फॅक्स धाडले होते, म्हणून केस उभी राहिली. आमचा ग्रुप तेव्हापासून दोन डब्यांत बसतो. भजनं तिकडे गेली, पत्ते इकडे राहिले.

झणझणीत
वाचलं सगळं. डोळ्यांत पाणी आलं. उंबरठा, एक विचारू? हंडा तांब्याचा होता का? आमच्या चाळीत सगळ्यांचे तांब्याचे असायचे, शनिवारी चिंचेने घासायला रांग.

कढीपत्ता
चिंच नाही मिळाली तर आम्ही राख घ्यायचो.

फौजदाराची लेक
आले. बाबांना धागा वाचून दाखवला. घाटावरचा यांना विचारतायत, तो हवालदार कुठल्या ठाण्याचा होता?

घाटावरचा
नाव विचारायचंही सुचलं नाही. मिशी होती एवढं आठवतंय.

फौजदाराची लेक
बाबा म्हणतात मिशी सगळ्यांनाच होती.

मीठभाकर
आणि नळ शेवटी कुणी बंद केला?

उंबरठा
भाऊजींचा फोन येऊन गेला, रविवारी जेवायला बोलावलंय. हा विषय काढायचा नाही या अटीवर.

झणझणीत, पितळी होता, बुडाला डाग लावलेला. नळ माझ्या आईने बंद केला.